पाच हजारांत म्हातारी गाडी हंपीला न्यायची आहे, घरगुती दुरुस्त्या आणि जुगाड सुचवा

रिझर्व्ह_लागली | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी असा बेत आहे. तिकडचं फिरणं धरून जाऊन-येऊन आठ-नऊशे किलोमीटर होतील. मागे बायको, म्हणजे सामान दोघांचं.

गाडी २०१४ ची, साडेतीनशे सीसी, कार्बोरेटरवाली, आऱ्यांची चाकं, ट्यूबचे टायर. कंपनी मुद्दाम सांगत नाही. मागच्या धाग्यात चाळीस प्रतिसाद त्या भांडणातच गेले होते.

तक्रारी अशा. हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. ऐंशीच्या पुढे हाताला मुंग्या. पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल पाझरतं. सीटवर दीड तासानंतर बसवत नाही. सामान बांधायला धड काही नाही. गॅरेजवाल्याने सगळ्याचे मिळून साडेचौदा हजार सांगितले. माझ्याकडे आहेत पाच हजार आणि सात-आठ रविवार. तेल, प्लग, एअर फिल्टर मी घरीच बदलतो, त्यामुळे पाना धरता येतो असं समजा.

पाच हजारांत काय करावं, काय करू नये, आणि कशाला मी हातच लावू नये?

---

वाकडी_आरी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पहिला उपाय, सीटवर गादी. दुसरा उपाय, गाडी विकून हुबळीची एसटी.

---

बारा_तेराचा_पाना | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

साडेचौदा हजार ऐकून घाबरू नका. त्यातले निम्मे दिसण्याचे असतात. माझा क्रम सांगतो.

आधी चेन. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडत असेल तर चेन-चक्रं संपली, तिन्ही एकदम बदला आणि बाकीचे जुगाड विसरा, कारण बजेट तिथेच संपणार. पडत नसेल तर रॉकेल आणि जुना टूथब्रश, कोरडी करून नव्वद नंबरचं गिअर ऑइल, आणि वरचं तेल फडक्याने पुसून टाका. ताण तपासताना चाक फिरवत फिरवत चेन सर्वांत घट्ट जिथे लागते तिथे मोजा. पुस्तकात वेगळं नसेल तर पंचवीस-तीस मिलिमीटर खालीवर हलली पाहिजे. एक जादा चेन लॉक पाकिटात ठेवा. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे.

मग क्लच केबल. दहा वर्षांची असेल तर नवी घ्या, पण जुनी काढू नका. नवी केबल जुनीच्या शेजारून लिव्हरपासून इंजिनापर्यंत ओढून ठेवा, दोन्ही टोकांना ग्रीस, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि जागोजागी टेप. वाटेत जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची. दहा मिनिटांचं काम, टाकी काढायला नको. अ‍ॅक्सिलरेटरचीही अशीच टाकता येते.

मुंग्यांचं म्हणाल तर हँडलला काही लावायच्या आधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट तपासा. दहातल्या सहा गाड्यांचे ढिले निघतात.

---

जॉबर_काका | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

काय करलालास बे साडेचौदा हजार घालून. मी बत्तीस वर्षं लूम दुरुस्त केले अक्कलकोट रोडला. लूम दिवसरात्र थरथरतो, तुझ्या गाडीच्या दसपट. तिथं नट ढिला झाला तर चादरीत फट पडते आणि मालक शिव्या घालतो. त्यामुळं ढिल्या नटाची विद्या आमाला शिकवू नको कुणी.

शॉकअपचं तेल. लगेच सील बदलू नको. निम्म्या वेळा सील फाटलेलं नसतंय, ओठाखाली माती आडकलेली असती. वरचं डस्ट सील स्क्रू ड्रायव्हरनं हळू उचल, चकाकत्या नळीवर वर सरकव. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी काप, एका कडेला आकड्यासारखी खाच कर. ती पट्टी नळी आन् सील यांच्या मधी घाल, गोल फिरव, वर ओढ. काळी माती निघंल. तीन-चारदा कर. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी दहा-बारा वेळा दाब, पूस, दुसऱ्या दिवशी बघ. थांबलं तर फुकटात झालं. नळीवर गंजाचे खड्डे आसतील तर मात्र सील कितीबी बदल, ते परत फाटणार.

आन् सीटला सोलापुरी चादर. चौघडी कर, वर टर्किश टॉवेल, खालून ट्यूबच्या पट्ट्यानं आवळ. सुती हाय, घाम शोषतंय. रेक्झिन तापून भाजतंय ते वेगळंच. गावात पिकतंय ते सोडून जेल सीट कशाला मागवतोस?

---

रिझर्व्ह_लागली | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

काका, दंडवत. एक्स-रे घरात आहे, आईच्या गुडघ्याचा. विचारूनच कापतो.

---

शेंगाचटणी | १२ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सामानाबद्दल माझा अनुभव. हत्यारांसाठी चार इंची पीव्हीसी पाईप घेतला, फूट-सव्वा फूट. एका टोकाला झाकण सोल्युशनने पक्कं, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण. शेतीच्या पाईपच्या दुकानात सगळं मिळतं, मला क्लॅम्पसकट तीनशेच्या आत पडलं. इंजिनाच्या गार्डला दोन क्लॅम्पनी आडवा बसवला. पाने, पकड, प्लग, ट्यूबचं सामान सगळं त्यात. वजन खाली राहतं, बॅग हलकी होते. आत हत्यारं जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवा, नाहीतर विजापूरपर्यंत टाळ वाजतील.

पहिला पाईप मी सायलेन्सरच्या बाजूला लावला होता. तुळजापूरला पोचेपर्यंत त्याची केळी झाली. तुम्ही दुसऱ्या बाजूला लावा.

अजून एक. गाडीचे महत्त्वाचे बोल्ट घट्ट केले की नट आणि फ्रेम यांच्यावरून नेलपॉलिशची एक रेघ मारायची. सकाळी चहा पिता पिता गाडीभोवती एक चक्कर मारली की कुठली रेघ तुटली ते दिसतं. लाल किंवा पांढरं वापरा. माझ्या भावाने मरून वापरलं होतं, काळ्या फ्रेमवर बघायला टॉर्च लागायची.

---

जॉबर_काका | १२ ऑक्टोबर, दुपारी २:०२

शेंगाचटणी ताई, आमी लूमवर ऑइल पेंट लावत होतो असंच. बरोबर.

---

टोचन_सम्राट | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

चेनला गिअर ऑइल कशाला विकत? इंजिनातून काढलेलं जुनं तेल फुकट असतं. आमच्या आजोबांपासून तेच चालू आहे.

---

बारा_तेराचा_पाना | १२ ऑक्टोबर, रात्री ८:४५

आजोबांच्या चेनवर पूर्ण कव्हर होतं, सम्राट. उघड्या चेनवर काळं तेल टाकलं की ते आधी मागच्या चाकावर उडतं, उरलेल्याला धूळ चिकटते. शिवाय त्या तेलात इंजिनाची झीज आधीच विरघळलेली. ती पुन्हा चेनला पाजायची आणि चक्रं लवकर गेली म्हणून ओरडायचं.

आणि धुवायला पेट्रोल नको. ओ-रिंगवाली चेन असेल तर रबर खराब होतं, आणि बाल्कनीत पेट्रोलचं भांडं उघडं ठेवून चेन धुणारे लोक मी पाहिलेत. बाजूला गॅस गीझर.

---

टोचन_सम्राट | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५८

बरं. पण माझी चेन ३४ हजार गेली.

---

वाकडी_आरी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०१

गेली म्हणजे चालली की गेली?

---

वायरमन_साडेबारा_व्होल्ट | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

हेडलाइटवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

नवा बल्ब घ्यायच्या आधी अडीचशे-तीनशेचा मल्टिमीटर घ्या. आयुष्यभर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू. एकदा बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, एकदा बल्बच्या होल्डरवर. जुन्या गाडीत बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.५ असा हिशोब हमखास निघतो. मधले दोन व्होल्ट स्विचच्या काळवंडलेल्या टोकांत आणि केसासारख्या वायरीत जळतात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. म्हणून समई.

उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा डबीएवढा स्विच. बॅटरीच्या प्लसजवळच पंधरा अँपिअरचा फ्यूज. तिथून दीड किंवा अडीच एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून बल्बला. ८५ अर्थला. आणि बल्बला आधी येणारी जुनी वायर आता ८६ ला. म्हणजे हँडलवरचा स्विच फक्त रिलेला हाक मारतो, बल्बचा करंट त्याच्यातून जात नाही. हाय आणि लोसाठी दोन रिले. दोन रिले, होल्डर, वायर, फ्यूज मिळून चारशे-पाचशेत बसेल. बल्ब मूळचाच ६०/५५ वॅटचा ठेवा. १००/९० टाकून होल्डर वितळवणाऱ्यांनी माझं घर चालवलंय, त्यांचे आभार, पण तुम्ही त्यांत जाऊ नका.

एक खात्री आधी करा. इंजिन बंद, चावी चालू, हेडलाइट लागतो का? लागला तर दिवा बॅटरीवर आहे, वरचा उपाय चालेल. बऱ्याच जुन्या शंभर-दीडशे सीसी गाड्यांत हेडलाइट सरळ मॅग्नेटच्या एसीवर असतो, रेस दिली की उजेड वाढतो. तिथे हा रिलेचा नकाशा जसाच्या तसा लागू होत नाही.

मोबाइल चार्जर चावीनंतरच्या वायरीवरून घ्या, मध्ये तीन-पाच अँपिअरचा फ्यूज. बॅटरीला सरळ जोडलेला चार्जर रात्रभर गुपचूप पीत बसतो.

---

शेंगाचटणी | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:००

आणि ते डोळे फोडणारे पांढरे एलईडी फॉग लाइट लावू नका, प्लीज. समोरून येणारा माणूस आंधळा झाला की तो आपल्याच अंगावर येतो.

---

वायरमन_साडेबारा_व्होल्ट | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

शंभर टक्के. त्यापेक्षा रिफ्लेक्टर टेप लावा, मागे, बॅगेला, हेल्मेटला. डिसेंबरात ऊस चालू असतो. मंद्रूपच्या पुढे अंधारात बिनदिव्याची ट्रॉली एकदम पुढ्यात उभी राहते. तिला तुम्ही दिसणं महत्त्वाचं नाही, ती तुम्हाला दिसणं महत्त्वाचं. पण मागून येणाऱ्या ट्रकला तरी तुम्ही दिसा.

---

उन्हाळी_कामं | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय कमी ठेवा. सोलापूर-विजापूर रस्ता तापतो, हवा फुगते, टायर फुटतो. आमच्याकडे मे महिन्यात सगळे कमीच ठेवतात.

---

बारा_तेराचा_पाना | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४४

नाही. नाही. नाही.

हा सल्ला प्रत्येक धाग्यात येतो, म्हणून एकदा सविस्तर. गाडीवरच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो. टायर तापल्यावर हवेचा दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. साधारण पाच-सहा अंशांमागे एक पीएसआय. सकाळी तीस भरली तर दुपारी पस्तीस दिसेल, दिसू दे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी की टायरच्या बाजूच्या भिंती दर फेऱ्याला जास्त वाकतात, वाकण्याने उष्णता होते, आत ट्यूब घासते. वर दोन माणसं आणि बॅगा. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरून हवा काढली तेच ओढवून घेता.

सकाळी गाडी हलायच्या आधी, स्वतःच्या गेजने, दोघांच्या वजनासाठी दिलेल्या आकड्याइतकी. पंपावर गरम टायर मोजून हवा सोडायची नाही.

---

उन्हाळी_कामं | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

तुमचं पुस्तक बरोबर असेल. पण माझ्या मेव्हण्याचा टायर टेंभुर्णीजवळ मे महिन्यात फुटला, हवा फुल होती.

---

शेंगाचटणी | १३ ऑक्टोबर, रात्री १०:२५

टायर किती जुना होता?

---

उन्हाळी_कामं | १३ ऑक्टोबर, रात्री १०:४०

२०१६ चा. घटना २०२३.

---

वाकडी_आरी | १३ ऑक्टोबर, रात्री १०:४१

त्याने निवृत्ती घेतली, फुटला म्हणू नका.

---

शेंगाचटणी | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

टायरच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. ते बघायला पैसे लागत नाहीत. धागाकर्त्यांनी आजच बघावं, २०१४ ची गाडी म्हणजे मूळचाच टायर असला तर पाच हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

ट्यूबच्या पंक्चरचंही सांगते. झळकीच्या अलीकडे रात्री साडेआठला मागची ट्यूब बसली होती. मी आणि मैत्रीण. पंक्चरचं दुकान एक, कुलूप लावलेलं. तेव्हापासून दोन गोष्टी सोबत असतात, तयार नवी ट्यूब आणि तीन टायर लिव्हर. वाटेत पॅच लावत बसू नका, ट्यूबच बदला, पॅच मुक्कामी. टायरची कड रिमपासून सुटत नसेल तर चाक जमिनीवर आडवं ठेवून त्याच्या कडेवर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टेकवायचा आणि ती गाडी त्या बाजूला कलवायची. फट्कन सुटते. नवी ट्यूब घालताना आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. मी पहिली नवी ट्यूब अशीच चिमटून फाडली. मैत्रीण आजही दर दिवाळीला आठवण करून देते.

आणि निघायच्या आधी घरी एकदा तरी मागचं चाक काढून घालून बघा. तो सराव रस्त्यावर करायचा नसतो.

---

गाळप_हंगाम | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

सगळे डांबरी रस्त्यावरच बोलताय. शेताच्या वाटेने जायची वेळ आली तर? पावसाळ्यात माझ्या गाडीचं पुढचं चाक मोहोळकडे शेतात जाम झालं. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी बसली की काँक्रीट. काठीने उकरली, वीस पावलांवर पुन्हा तेच.

घरी आल्यावर मडगार्डच्या चार बोल्टांखाली जाड वायसर घालून ते दीड-दोन सेंटीमीटर वर घेतलं, बोल्ट तेवढे लांब घेतले. चाळीस रुपये. आता माती पडून जाते. फक्त शॉकअप पूर्ण दाबून बघा, मडगार्ड वर कशाला लागत नाही ना, आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना.

---

जॉबर_काका | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

गाळप, ह्याला म्हणतेत डोकं.

---

कलम_बावन्न | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

रंगाचा बेरंग करतो, पण कोणीतरी सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीच्या वेळी कंपनीने जी मूळ रचना दिली तिच्यात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं, त्यात मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. धागाकर्त्याचं सगळं बजेट एका सायलेन्सरमध्ये जाईल.

चादर, पाईप, नेलपॉलिश, केबल यांना कोणी विचारणार नाही. सायलेन्सर, लांब हँडल, फ्रेम कापणं, जाड टायर, यांच्या नादी लागू नका. अपघात झाला तर विमावाला आधी तेच शोधतो.

---

टोचन_सम्राट | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

नेलपॉलिशचे पाच हजार दर बोल्टमागे का?

---

भीमाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ८:००

सामानाच्या स्टँडवरून माझी एक करुण कहाणी. गाडी इंजेक्शनवाली, एबीएसवाली. बॅगा चाकाला लागू नयेत म्हणून बारा एमएमची सळई वाकवून स्टँड करायचा होता. फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो म्हणाला काढायची गरज नाही, गाडीवरच दोन टाके मारतो. मीही म्हटलं मारा. अर्थची पकड त्याने लावली पुढच्या गार्डला, टाका मारला मागच्या फ्रेमला. मधलं सगळं वायरिंग, बॅटरी जोडलेली.

दोन टाके. दोनशे रुपये. आणि ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा गाडीचा संगणक, गेला. त्याची किंमत लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

त्यामुळे वेल्डिंग करायचं ते गाडीपासून लांब. माप घ्या, स्टँड वेगळा करा, बोल्टने बसवा. अगदीच गाडीवर करायची वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा जोड काढून, अर्थ टाक्याच्या वीतभर जवळ.

---

वायरमन_साडेबारा_व्होल्ट | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२०

भीमाकाठ, वाईट वाटलं. कार्बोरेटरवाल्या गाडीतसुद्धा बॅटरी काढाच, आरआर युनिट (चार्जिंग सांभाळणारं) आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारं) असतातच.

---

भीमाकाठची_बायको | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

वाचला.

---

वाकडी_आरी | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०६

हा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा बंद करा.

---

सुतळी_गुंडाळी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

छोट्या छोट्या गोष्टी, आठवतील तशा.

टाकीच्या सांध्यातून पेट्रोल पाझरायला लागलं तर अंगाचा साबण ओला न करता त्या जागी चांगला घासायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. मुक्काम गाठेपर्यंत टिकतो. घरी आलो की पक्कं काम.

प्लास्टिकचं पॅनल तडकलं तर फेविक्विक टाकून त्यावर खायचा सोडा भुरभुरायचा. दगडासारखं होतं, कानसता येतं. चटका बसण्याइतकं गरमही होतं, बोट लावू नका.

प्लगचा गॅप बघायला गेज नसेल तर लोखंड कापायच्या करवतीचं पातं. साधारण ०.६३ मिलिमीटर जाड असतं. पातं अलगद सरकलं तर गॅप जवळपास ठीक.

केबलमध्ये तेल घालायला दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून शंकू करायचा, केबलच्या वरच्या टोकाला दोऱ्याने बांधायचा, चमचाभर तेल घालून रात्रभर टांगून ठेवायची.

एम-सील, बाइंडिंग वायर, सायकलच्या ट्यूबच्या गोल चकत्या आणि चार होज क्लिपा. एवढ्यात मी २०११ साली लेहहून आलोय.

---

टोचन_सम्राट | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

खायला काय नेता पण? मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठ दिवस काही होत नाही.

---

शेंगाचटणी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

मला का नेताय?

---

(इथून पुढचे भाकरी, दही आणि कोणत्या पेठेतली चटणी यावरचे एकोणीस प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. गाडीवर या. - व्यवस्थापक)

---

पांढरा_कोट | १७ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मी अपघात विभागात काम करते. जुगाडाचं कौतुक वाचून छान वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. कोणी एक रेघ आखा, की याच्या पलीकडे घरी हात लावायचा नाही.

---

बारा_तेराचा_पाना | १७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

माझी रेघ सांगतो. जी वस्तू बिघडली तर गाडी थांबते, तिच्यावर जुगाड चालेल. जी बिघडली तर गाडी थांबत नाही, तिच्यावर चालणार नाही. म्हणजे ब्रेक, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग), चाकाचे बेअरिंग, टायर. ब्रेकच्या नळीला एम-सील लावलेला माणूस मी पाहिला आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, बाटलीवर डॉट ३ की ४ ते रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणेच. हवा काढता येत नसेल तर दीडशे रुपये देऊन करून घ्या.

---

जॉबर_काका | १८ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

आन् शॉकअपचं तेल डिस्कवर उडत आसंल तर त्याच दिवशी सील बदल. तिथं एक्स-रे नाही.

---

रिझर्व्ह_लागली | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

महिनाभर गायब होतो, रविवार गाडीखाली गेले. हिशोब देतो.

टायरचे आकडे बघितले. मागचा २०२१, पुढचा २०१५! पुढचा गेला, नवा टायर-ट्यूब, बजेटचा सर्वांत मोठा घास, २,३५०. बसवला मीच. दोन तास लागले आणि शेजारचे तीन काका सल्ला द्यायला होते. चेन अजून चांगली आहे. रिलेचं सामान ४६०. वायरमनसाहेब, बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.२ होते. आता १३.५ आहेत. बायको म्हणाली समोरच्या बिल्डिंगमधला माणूस पडदे लावतो. क्लच केबल २१०. पाईप, झाकणं, क्लॅम्प २८०. जादा ट्यूब, लिव्हर, गेज ७९०. स्टँड बोल्टने बसणारा, सळई आणि मजुरी ५५०, गाडीपासून दहा फुटांवर वेल्डिंग करून घेतलं, भीमाकाठ यांना स्मरून. मल्टिमीटर २७०. नेलपॉलिश फुकट, चोरीचं.

एकूण ४,९१०.

मुंग्या निम्म्याहून कमी झाल्या, माउंटिंगचे दोन बोल्ट खरंच ढिले होते. शॉकअपला फिल्म फिरवली तर एवढी माती निघाली की काका, तुम्हाला फोटो दाखवायला हवा. आठ दिवस कोरडा होता, आता पुन्हा पुसट ओल दिसते. नळीवर खड्डा नाही.

---

जॉबर_काका | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

परत एकदा फिरव. तरी आली तर सील घाल, त्याला पैसे उरले नाहीत तर मला सांग. आईचा एक्स-रे परत दिलास का?

---

रिझर्व्ह_लागली | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०४

नवा काढायला लागेल म्हणते.

---

रिझर्व्ह_लागली | १९ डिसेंबर, रात्री ८:१५

जाऊन आलो. ९१४ किलोमीटर.

सील शेवटी बदललं, उसने घेऊन, त्यामुळे पाच हजारांची फुशारकी मारता येत नाही. क्लच केबल तुटली नाही, पंक्चर झालं नाही, दिवा मस्त. चादरीने विजापूरपर्यंत साथ दिली. बदामीच्या पुढे ती घसरून गोळा व्हायला लागली आणि बायकोने ती स्वतःच्या खांद्यावर घेतली, थंडी होती. पुढे मी नुसत्या सीटवर.

बिघडलं ते यादीत नव्हतं. बदामी सोडल्यावर तासाभराने मागून खडखडाट. सायलेन्सरचा मागचा बोल्ट गायब. तिथे मी नेलपॉलिश मारलं होतं, सकाळी रेघ बघितलीही होती, जागेवर होती. नायलॉक नट होता.

ट्यूबची चकती लावली, तिचा दहा मिनिटांत वास सुटला. मग बाइंडिंग वायर. सुतळी_गुंडाळी, तुमच्यामुळे घेतली होती. पकडीने पिळून सहा वेढे, तशीच सोलापूरपर्यंत आली.

---

बारा_तेराचा_पाना | १९ डिसेंबर, रात्री ८:४०

सायलेन्सरजवळ नायलॉक टाकायचा नाही. आतली नायलॉनची कडी तापून मऊ पडते, मग तो साधा नट, आणि तोही एकटा. तिथे स्प्रिंग वायसर आणि डबल नट. हे मी लिहायला हवं होतं, माझी चूक. पण सोबत पाने होते तर दुसरीकडचा बोल्ट काढून तिथे का नाही लावलात? मडगार्डचा चालला असता.

---

रिझर्व्ह_लागली | १९ डिसेंबर, रात्री ८:५२

तेच सांगायला लाजत होतो. पाईपचं आट्यांचं झाकण वाटेत कुठेतरी थरथरून उघडलं. त्याच्यावर रेघ मारली नव्हती. बनियन लोंबत होता, पकड त्याच्यात अडकून राहिली, म्हणून वायर पिळता आली. बाकी शोधलं तर एकच वस्तू पडली होती.

बारा-तेराचा पाना.

---

शेंगाचटणी | १९ डिसेंबर, रात्री ८:५५

झाकणाला आडवं भोक पाडून आर-पार पिन घालतात हो, ते लिहायचं राहिलं माझं. सॉरी.

---

वाकडी_आरी | १९ डिसेंबर, रात्री ८:५६

कर्नाटकात कुणाला आमचा एक जुना सभासद सापडला तर कृपया परत पाठवावा.

---

बारा_तेराचा_पाना | १९ डिसेंबर, रात्री ९:१०

सुखरूप आहे. इकडे जोळदाची रोटी बरी मिळते.